हिराबाईचा डोळा आणि राहिलेली एक ओळ

हिराबाईच्या डाव्या भुवईवर पांढरी चिकटपट्टी लावलेली होती. ती बाई पट्टीला हात लावून लावून एकच सांगत होती, "आवं, ह्यो डोळा चांगला हाय माजा. ह्याच्यावरच तर समदं चाललंय. बिघाडलाय तो ह्यो!" आणि बोट उजव्या डोळ्याकडं.

घोडेगावला मोतीबिंदूचं शिबिर होतं. एका मंगल कार्यालयात टेबलं मांडली होती. डोंगराकडच्या गावांतून सकाळपासून माणसं आली होती. ज्यांचं ऑपरेशन ठरलं त्यांना दुपारी चारच्या बसनं पुण्याला दवाखान्यात न्यायचं होतं. ज्या डोळ्याचं ऑपरेशन, त्या भुवईवर पट्टी. पट्टी लावायची ती छापील स्लिप बघून. आणि स्लिप छापायचा प्रोग्राम माझा.

डॉक्टर मॅडमनी हिराबाईच्या हातातली स्लिप घेतली. वर लिहिलं होतं, डोळा : डावा. मॅडमनी बॅटरी मारून तिचे दोन्ही डोळे पुन्हा बघितले.

"उजवाच आहे. कोणी लिहिलं हे, मिस्त्री?"

"मशीननं," मी म्हणालो. "आणि मशीनला मंगलनं जे सांगितलं तेच मशीन लिहिणार."

मंगल एंट्रीच्या मशीनवर बसली होती. तिनं मान वर केली, माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा खाली घातली. ते बघणं मला आजही आठवतं.

आता मी कोण ते सांगतो. मी मूळचा कळंबचा. सातवी नापास. मंचरला टाइपरायटर दुरुस्तीचं दुकान होतं माझं. सगळे मला मिस्त्रीच म्हणायचे. आसपासच्या कचेऱ्यांतली, शाळांतली, वकिलांकडची मशीनं माझ्या हाताखालून गेलेली. संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या विहारात टेबल टाकून मुलींना टायपिंगही शिकवायचो. मंगल त्यातलीच, ती मला नाना म्हणायची. पुढं तिचं लग्न झालं, दोन लेकरं झाली, नवरा टेम्पो चालवायचा, तरी तिचा हात तसाच चालायचा. चूक जवळजवळ नाहीच.

मग कॉम्प्युटर आला आणि टाइपरायटर भंगारात गेला. लोक म्हणाले, मिस्त्री आता घरी बसणार. मी म्हणालो, बघू. जुना कॉम्प्युटर विकत घेतला, प्रोग्रामिंगचं एक जाडं इंग्रजी पुस्तक घेतलं आणि एक डिक्शनरी. एकेक शब्द बघत ते पुस्तक वाचायला मला दीड वर्ष लागलं. पण वाचलं. अवसरी खुर्दला इंजिनिअरिंगचं कॉलेज सुरू झालं तोवर मी वेब पेज करून चार पैसे मिळवत होतो. तिथली पोरं दुकानात यायची आणि विचारायची, "सर, तुम्ही कुठल्या कॉलेजचे?" मी भिंतीवरच्या डिक्शनरीच्या फळीकडं बोट दाखवायचो.

तर हे शिबिर. दरवर्षी याद्या हातानं लिहायचे आणि नावांचा घोळ व्हायचा. ट्रस्टवाल्यांनी मला विचारलं, मी हो म्हणालो. दोन मशीनं वायरनं जोडली. एकावर मंगल एंट्री करणार. दुसऱ्यावर मी, शेजारी प्रिंटर. मॅडम पेशंट तपासून हातानं एक चिठ्ठी देणार, नाव आणि कोणता डोळा एवढीच. पेशंट ती चिठ्ठी घेऊन मंगलकडं येणार. ती नाव, वय, गाव, नवऱ्याचं किंवा वडलांचं नाव, आणि डोळा भरणार. डोळ्यासाठी स्क्रीनवर दोन गोल होते, डावा आणि उजवा. एकावर टिंब द्यायचं.

सकाळी सुरू करतानाच मंगल म्हणाली होती, "नाना, ह्या डोंगरातल्या बाया मालकाचं नाव घेत न्हाईत. ती चौकट काढून टाका. न्हाईतर लई वेळ जाईल."

"कागद म्हणजे कागद," मी म्हणालो. "नवऱ्याचं नाव लिहिल्याशिवाय बाई ओळखायची कशी? एका गावात चार चंद्राबाई असतात."

"मग नाव राहिलं तर?"

"राहिलं तर मशीन पुढं जाऊच देणार नाही. काही राहिलं तर मशीनच ओरडतंय. तू बिनधास्त टाइप कर."

हे मी छाती काढून बोललो होतो. लक्षात ठेवा.

आता थोडं मशीनच्या पोटातलं. अवघड नाही.

फॉर्म भरून बटण दाबलं की ती माहिती दुसऱ्या पानाकडं जाते. ते पान माहिती तपासतं आणि ठेवून घेतं. पण ते पान माणसाला दिसता कामा नये. दिसलं आणि कुणी पुन्हा तेच बटण दाबलं, तर एकाच बाईच्या दोन नोंदी होतात. म्हणून ते पान आपलं काम झालं की ब्राउझरला, म्हणजे पानं उघडून दाखवणाऱ्या प्रोग्रामला, सांगतं, "इथं थांबू नकोस, त्या तिकडच्या पानावर जा." ह्याला रिडायरेक्ट म्हणतात.

कचेरीत असतं तसंच. एक नंबरच्या खिडकीत अर्ज दिला. आतला म्हणतो, चार नंबरला जा. आपण जातो. चार नंबरवाला म्हणतो, अर्ज कुठाय? अर्ज तर एक नंबरच्याच टेबलावर. रिडायरेक्टमध्ये ब्राउझर असाच रिकाम्या हातानं पुढच्या पानावर जातो. मागचं काहीच त्याच्याजवळ नसतं.

मग पुढच्या पानाला माहिती द्यायची कशी? दोन वाटा. एक, पत्त्यातच लिहून द्यायची, जसं हाताच्या तळव्यावर नंबर लिहून देतात. स्लिपच्या पानाला मी तसाच फक्त नोंदीचा नंबर द्यायचो, बाकी ते पान शोधून काढायचं. दुसरी वाट म्हणजे सेशन. सर्व्हरकडं, म्हणजे माहिती सांभाळणाऱ्या मशीनकडं, प्रत्येक ब्राउझरच्या नावानं एक खण असतो आणि ब्राउझरजवळ त्याचा बिल्ला. एका पानानं खणात ठेवायचं, दुसऱ्यानं बिल्ला बघून काढायचं.

मी सेशन वापरला होता तो चुकलेल्या फॉर्मसाठी. समजा नवऱ्याचं नाव राहिलं. मशीन म्हणणार, नाव भरा, आणि फॉर्म परत दाखवणार. तेव्हा बाकीचं सगळं पुन्हा टाइप करायला लागू नये, म्हणून भरलेली सगळी माहिती खणात ठेवायची आणि परत आलेल्या फॉर्ममध्ये आपोआप भरून द्यायची. मंगलला ते लई आवडलं होतं.

तर हिराबाई. मॅडम माझ्याकडं बघत होत्या.

"मिस्त्री, एक चुकली असेल तर अजूनही चुकल्या असतील. तिकडं ऑपरेशनआधी पुन्हा तपासतात. पण कागद आणि डोळा जुळला नाही तर पेशंट परत पाठवतात. तो नियमच आहे. म्हणजे ह्या बाईचा नंबर पुढच्या वर्षी."

हिराबाईला तेवढं बरोबर ऐकू गेलं.

"पुढल्या वरसाला?" ती म्हणाली. "ह्योबी धुरकाटलाय, पुढल्या वरसाला जाईल की माजा. मग भात कोन लावंल? मालकाला तर दोन्हीनं दिसत न्हाई धड."

आठ कोस लांबच्या वाडीवरून आली होती ती. सत्तरीच्या घरात असेल. पायात काही नव्हतं.

"किती स्लिपा गेल्या?" मॅडमनी विचारलं.

"एकाहत्तर."

"त्यातल्या किती चुकीच्या?"

"ते कसं सांगणार? एंट्री मंगलनं केलीय."

"हे बघा," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मला खात्री मिळाली नाही तर मी एकही पेशंट बसमध्ये बसवणार नाही. चार वाजेपर्यंत सांगा."

अडीच वाजले होते. बाहेर बस येऊन उभी होती. सावलीत माणसं भुवईला पट्ट्या लावून ओळीनं बसली होती. कुणाच्या मांडीवर कपड्यांची पिशवी, कुणाच्या फडक्यात भाकरी.

मी मंगलच्या टेबलाशी गेलो. तेव्हासुद्धा मी तिला रागावायलाच गेलो होतो, खोटं कशाला बोलू.

"डोळा का चुकवलास?"

"नाना, मी चुकवला न्हाई. ह्या आज्जीच्या वेळंला टिंब दिलं का न्हाई तेच मला आठवत न्हाई. लई गलका झाला व्हता."

"टिंब दिलं नसतं तर मशीन ओरडलं असतं."

"तेच तर म्हन्ते मी. ओरडलं न्हाई म्हनून मला वाटलं, दिलं आसंल."

ती बरोबर बोलत होती. टिंब दिलंच नाही तर मशीननं ओरडायलाच पाहिजे होतं. तसं मी केलं होतं. दुकानात दहादा बघितलं होतं.

"गलका कसला झाला?"

मंगलनं सांगितलं. हिराबाईला नवऱ्याचं नाव विचारलं. ती नुसती हसली. पदर तोंडाला लावला. पुन्हा विचारलं तर म्हणाली, "भाईर बसल्यात ना, इचार त्यास्नीच." मग मंगल उठून दारात गेली आणि हाक मारली, "हिराबाईचं मालक कोन हायेत?" तर तीन म्हातारे उठले. तीन हिराबाई होत्या रांगेत. त्यातला बरोबरचा कोणता हे ठरवायला सगळी रांग मदतीला आली. एक म्हातारा म्हणाला, "मीच हाय, पर ही हिरा माजी न्हाई." सगळ्या बाया हसायला लागल्या. शेवटी खरा मालक सापडला, त्यानं आपलं नाव सांगितलं. मंगलनं खुर्चीवर येऊन ते टाइप केलं आणि बटण दाबलं.

"आणि हिच्या आधी कोण होतं?"

"चंद्राबाई. तिनंबी नाव घेतलं न्हाई. मी तशीच पुढं गेले तर मशीन ओरडलं. मग तिच्या जावंनं नाव सांगितलं."

"चंद्राबाईचा डोळा?"

मंगलनं चिठ्ठी काढली. मी तिला जुन्या ऑफिसची सवय लावली होती, आलेला प्रत्येक कागद टेबलावरच्या तारेत ओवायचा. एकाहत्तर चिठ्ठ्या क्रमानं त्या तारेत होत्या.

"डावा," ती म्हणाली.

"ऊठ जरा."

मी तिच्या खुर्चीत बसलो. खोटं नाव टाकलं, डोळा डावा, नवऱ्याचं नाव रिकामं. बटण दाबलं. मशीन ओरडलं, फॉर्म परत आला, सगळं भरलेलं. नवऱ्याचं नाव टाकलं, बटण दाबलं. नोंद झाली. आता नवा फॉर्म आला. नाव रिकामं. वय रिकामं. गाव रिकामं. नवऱ्याचं नाव रिकामं.

आणि डाव्या गोलात टिंब.

कुणी दिलं नव्हतं. आपलं आपण बसलं होतं तिथं, काळं, वाटोळं.

मंगल माझ्या खांद्यामागून बघत होती. मला तिचा श्वास ऐकू येत होता.

काय झालं होतं ते मला त्या क्षणी सगळं दिसलं. नोंद झाल्यावर खणातलं जुनं सामान काढायला मी चार ओळी लिहिल्या होत्या. नाव काढ, वय काढ, गाव काढ, नवऱ्याचं नाव काढ. डोळ्याची चौकट पहिल्यापासून नव्हतीच. शिबिराच्या दोन दिवस आधी मॅडमचा फोन आला, डोळाही छापा म्हणून. मी फॉर्ममध्ये डोळा वाढवला, नोंदीत वाढवला, खणात ठेवण्यात वाढवला. काढण्यात वाढवायचा राहिला. पाचवी ओळ लिहिलीच नाही. म्हणून एका बाईचा डोळा खणात पडून राहिला आणि पुढच्या बाईच्या फॉर्मवर जाऊन बसला.

मग दुकानात कसं कळलं नाही? तेव्हा मंचरला लोडशेडिंग होतं. दोन-तीन प्रयोग केले की लाइट जायची. लाइट आली की ब्राउझर नव्यानं उघडायचो. नवा ब्राउझर, नवा बिल्ला, नवा रिकामा खण. इथं शिबिरात जनरेटर होता. सकाळी नऊला उघडलेला ब्राउझर अडीचपर्यंत एकदाही बंद झाला नव्हता. दिवसभर एकच खण.

आणि खणात सामान ठेवायची वेळ कशानं आली? नवऱ्याच्या नावानं. ती चौकट काढा म्हणून मंगल सकाळीच सांगत होती.

मी उठलो. मॅडम मधल्या टेबलाशी होत्या, ट्रस्टची माणसं होती, हिराबाई खाली भिंतीला टेकून बसली होती. मला माझ्या आवाजाची लाज वाटत होती म्हणून मी जरा मोठ्यानंच बोललो.

"मॅडम, चूक मंगलची नाही. माझी आहे. प्रोग्राममध्ये आहे. मघाशी मी तिचं नाव घेतलं ते चुकीचं घेतलं."

ट्रस्टचे एक जण म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही तर म्हणाला होता मशीन चुकत नाही."

"मशीन नाही चुकलं. मिस्त्री चुकला."

मॅडमनी घड्याळ बघितलं. "ठीक. आता बाकीच्या चुका कशा शोधायच्या?"

"तारेतल्या चिठ्ठ्या आहेत. तुमच्या हाताच्या. एकेक ताडून बघतो."

मग आम्ही बसलो. मंगल चिठ्ठी वाचायची, मी स्क्रीनवर बघायचो.

"गोदाबाई, उजवा."

"उजवा."

"बुधाबाई, डावा."

"डावा."

"किसन, उजवा."

"उजवा."

बोलण्यात तेवढंच. पण मंगलचा आवाज पहिल्यांदा कोरडा होता, तो वीस-पंचवीस चिठ्ठ्यांनंतर सैल व्हायला लागला. चाळिसाव्याला चूक सापडली तेव्हा ती म्हणाली, "ही बघा नाना, हितं पन रांगंत भांडान झालं व्हतं. नंबरावरनं." म्हणजे जिथं जिथं गलका, तिथं तिचं टिंब राहिलेलं, आणि जुनं टिंब तिला गप्प बसवून गेलेलं.

चार निघाल्या. हिराबाई धरून चार. बाकी सदुसष्ट बरोबर. दिवसभरात सदुसष्ट वेळा त्या बाईनं आपल्या हातानं बरोबर टिंब दिलं होतं, चुकीचं टिंब बदलून मशीनला सुधारलं होतं, आणि मी तिलाच दोषी ठरवत होतो.

मी ती ओळ लिहिली. आधी पाचवी म्हणून लिहायला घेतली, मग थांबलो. पाचच्या सहा होतील तेव्हा पुन्हा कोण लक्षात ठेवणार? सगळ्या काढून टाकल्या. त्याऐवजी असं केलं की फॉर्मनं खणातलं सामान एकदा वाचलं की तिथल्या तिथं अख्खा खण रिकामा. पुढं कधीतरी कळलं की ह्याला मोठ्या प्रोग्रामात फ्लॅश म्हणतात आणि ते आयतं मिळतं. मला ते घोडेगावला सुचलं, हिराबाईच्या समोर. आणि नवऱ्याच्या नावाची सक्ती काढली. मंगलनं सांगितल्याला सहा तास झाले होते.

चार नव्या स्लिपा छापल्या. मॅडमनी बाहेर जाऊन चौघांचे डोळे पुन्हा तपासले आणि पट्ट्या बदलल्या. हिराबाईची पट्टी काढताना भुवईचे दोन केस आले, तर ती ओरडली, "आगं बाय, डोळा ऱ्हाऊ दे, भुवईच काडली!" म्हातारा शेजारीच उभा होता, त्यानं तिच्या भुवईवर फुंकर घातली. सगळ्यांसमोर. नाव घ्यायला लाजणारी ती बाई, तिला त्याची लाज वाटली नाही.

बसमध्ये चढता चढता तिनं माझा हात धरला.

"मेस्तरी, आता बराबर लिवलंय ना?"

"बरोबर लिहिलंय, आज्जी. मी स्वतः बघितलंय."

"तू बघितलंस व्हय," ती म्हणाली. "त्या पोरीला ईचारून घे एकदा."

मंगल हसली. दिवसभरात पहिल्यांदा. मी खरंच तिला विचारलं. ती स्लिप बघून म्हणाली, "बराबर हाय आज्जी, जावा." तेव्हा कुठं बाई पायरी चढली. बस चारला दहा मिनिटं कमी असताना निघाली, एकाहत्तर माणसं दाटीवाटीनं घेऊन.

आठवड्यानं घोडेगावलाच तपासणी होती. औषधाच्या नोंदी करायला मी आणि मंगल पुन्हा तिथंच. हिराबाई आली. हिरव्या कापडाखालचा उजवा डोळा मॅडमनी मोकळा केला. ती दोन-तीनदा डोळा मिटून उघडून बघत राहिली. छताकडं, खिडकीकडं, नवऱ्याकडं. नवऱ्याकडं जरा जास्त वेळ. मग मंगलकडं बघून म्हणाली, "तू व्हय गं ती? एवडीशी? आवाजावरनं मला वाटलं, आसंल कुनी थोराड बाई."

मग माझ्याकडं वळली. नीट बघितलं.

"तू मातुर आवाजासारखाच हायेस. दांडगा."

मंगल इतकी हसली की तिला खुर्चीला धरावं लागलं.

पुढं मी बरेच प्रोग्राम केले. कोणी शिकायला आलं तर दोनच गोष्टी सांगतो. पुढच्या पानाला दिलेलं सामान त्यानं घेतलं की खण लगेच रिकामा करा, मागून आठवणीनं करू म्हणू नका. आणि खुर्चीत बसून जो रोज टाइप करतो, त्यानं सांगितलेली चौकट त्याच सकाळी काढा.